हिरवं टोक

४ फेब्रुवारी

प्रिय दिवट्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नेहमीसारखा "हं... हं... बरं ताई" करत राहिलास आणि तेवढ्यात माझं दूध उतू गेलं. हाती काही लागलं नाही. म्हणून आपलं पत्रच बरं. पत्रात तुला निदान वाक्य पुरं करावं लागतं, आणि ते मला पुन्हा वाचता येतं.

आज साहेबांनी बोलावून सांगितलं की आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात यूव्ही मोजायचं नवं यंत्र चाचणीसाठी बसणार आहे. कंपनीचं नाव ऐकलं आणि माझे कान टवकारले. तुझीच कंपनी! पण मी तोंड मिटून बसले. तू बजावलं होतंस ना, नातं सांगायचं नाही म्हणून. का ते मला अजून कळलेलं नाही. बहीण असणं हा काय गुन्हा आहे?

माझं काम तुला इतक्या वर्षांत कधी नीट ऐकून घ्यायला झालं नाही, म्हणून पुन्हा सांगते. गाळून झालेलं पाणी आमच्याकडे शेवटी एका पोलादी पिंपातून जातं. पिंपात काचेच्या नळ्या, नळ्यांत यूव्हीचे दिवे. त्या उजेडाने जंतू मरतात. उजेड कमी पडला तर जंतू तसेच पुढे गावाच्या नळाला जातात. तसं झालं तर ओरडायला भिंतीवर एक भोंगा आहे, आणि त्या भोंग्याने माझं डोकं उठवलंय. हवा जरा दमट झाली की दिवे ठणठणीत असतानाही बोंबलत सुटतो. दरवेळी धावत जायचं, पिंपाच्या झरोक्यातून बघायचं, काही झालेलं नसतं. लहानपणी तू फोडलेल्या खिडकीच्या काचा मी माझ्या नावावर घेतल्या. आता त्याची फेड म्हणून तरी या भोंग्यापासून माझी सुटका कर.

भिंगरी विचारते, मामाच्या यंत्रात काय असतं? आठ वर्षांच्या पोरीला कळेल असं लिही, म्हणजे तिच्या आईलाही कळेल.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटाच हसत बसलो. शेजारच्याने विचारलं, कुणाचं? म्हटलं, आमच्या मुख्याध्यापिकेचं.

आधी नात्याचं. चाचणीसाठी केंद्रं निवडताना आपल्या माणसाचं केंद्र घेतलेलं चालत नाही. तुझ्याकडे यंत्र यावं म्हणून मीच आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे शब्द टाकला, पण तिथे बहीण आहे हे सांगितलं नाही. आपल्या दोघांतच राहू दे.

आता भिंगरीसाठी. भिंगरे, बुटाच्या नाडीहून बारीक अशी प्लास्टिकची तार असते. तिला आम्ही फायबर म्हणतो. वीज जशी तारेतून जाते तसा या तारेतून उजेड जातो, वळणावळणाने गेली तरी सांडत नाही. तारेच्या टोकाला आम्ही इवलासा खड्डा कोरतो. एक पांढरी पावडर चिकट रसायनात कालवतो, त्या खड्ड्यात भरतो आणि वाळू देतो. यूव्ही आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण या पावडरला कळतो. त्याचा उजेड पडला की पावडर हिरवी उजळते. तो हिरवा उजेड तारेतून डब्यापर्यंत जातो आणि डबा तो मोजून आकडा दाखवतो. आईच्या पिंपातले दिवे मंदावले की टोक मंद होणार आणि आकडा उतरणार. सोबत तुझ्यासाठी एका तारेचा उरलेला तुकडा पाठवतोय. दुकानदाराकडे नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याखाली धरून बघ.

ताई, तुझ्या केंद्राची तार मी स्वतःच्या हाताने भरणार आहे. यंत्र बसलं की त्या भोंग्याचा फ्यूज सरळ काढून टाक. उगीच छातीत धडकी कशाला? मी आहे ना.

यंदा माझी नोकरी पक्की होईल असं दिसतंय. सगळं या चाचणीवर आहे.

तुझा,
दिवट्या


२ मार्च

प्रिय दिवट्या,

बसलं रे बाबा तुझं यंत्र! तुमचा फिटर आला होता. भलताच बोलघेवडा. दोन चहा पिऊन त्याने जगाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या आणि मधल्या वेळात यंत्र बसवलं. काळी बारीक तार पिंपाच्या झरोक्यातून आत गेली, डबा माझ्या टेबलासमोर भिंतीवर. आकडा ८२. कधी ८१, कधी ८३, आणि पुन्हा ८२. बघत बसावंसं वाटतं.

फिटर जाताना म्हणाला, "बाई, जुना भोंगा चालूच ठेवायचा हं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, तुला काय माहीत, ज्याने ही तार भरली त्यानेच मला भोंगा काढायला सांगितलंय. तो गेल्यावर फ्यूज काढला आणि भोंगाही उतरवून फडताळात ठेवला. साहेबांना विचारलं नाही. ते कुठे इथे बसतात? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कामावर सलग एक कप चहा गरम असताना संपवला.

भिंगरीचा तुकडा घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नाक मुरडलं, पण दिवा लावला. टोक असं हिरवंगार उजळलं की तोही गल्ल्यावरून उठून बघायला आला. आता कार्टी रोज त्याच्याकडे जाते. तुकडा दोऱ्यात ओवून दप्तराला बांधलाय. वर्गात सांगत सुटली आहे की गावाचं पाणी माझा मामा राखतो.

ती शाळेतून परस्पर केंद्रावर येते तेव्हा आधी घरून आणलेलंच पाणी प्यायची. आता तिला मी तिथल्याच नळाचं पाणी देते. म्हणते, पी गं, मामाची तार आहे.

नोकरी पक्की झाली की लग्नाचं बघू. ह्यांच्या डोक्यात दोन स्थळं घोळताहेत. पळ काढायचा असेल तर आत्ताच सांग.

तुझी ताई


२० मार्च

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. कामाचा फार रेटा आहे. सगळ्या केंद्रांमधून येणारा उजेड माझ्याच टेबलावरच्या पडद्यावर दिसतो, त्यामुळे जागचं हलता येत नाही.

तू बरी आहेस ना? भिंगरीचा तुकडा उजळला हे वाचून बरं वाटलं.

भोंग्याचं काय केलंस म्हणालीस? अगदीच मोडीत काढला नाहीस ना? सहज विचारतोय. आकड्याकडे फार बघत बसू नकोस. यंत्र ते यंत्र. आणि भिंगरीला घरूनच पाणी देत जा की, शाळेतल्या पोरांना तशीही घरच्या बाटलीची सवय बरी.

स्थळांचं एवढ्यात नको.

घाईत,
दिवट्या


२९ मार्च

प्रिय दिवट्या,

हे काय पत्र झालं? इतकं तुटक तू चौथीत आजारी होतास तेव्हाही लिहिलं नव्हतंस. आणि "स्थळांचं एवढ्यात नको"! अरे लबाडा, कोण आहे ती? प्रयोगशाळेतली आहे का? ह्यांना मी सांगितलं, मुलगा प्रेमात पडलाय, म्हणून वाक्यं अर्धवट सुटताहेत. ते म्हणाले, नाही, पोट बिघडलं असेल. तू काय ते खरं सांग, आमची पैज लागली आहे.

तू यंत्र ते यंत्र म्हणतोस हा तुझा विनय झाला. आमच्याकडे सगळे खूश आहेत. पूर्वी दर आठवड्याला नळ्या उघडून बघायचो. आता आकडा ढळत नाही तर उगीच पिंप बंद ठेवून कशाला उघडायचं, असं साहेबच म्हणाले.

भोंगा फडताळात आहे, फडक्यात गुंडाळून. तुझ्या मनात काही शंका आहे का? पुन्हा लावू का? तू नुसतं लाव म्हण, मी लावते.

तुझी ताई


९ एप्रिल

प्रिय ताई,

पैज भावोजी जिंकले असं समज. पोटच बिघडलं होतं. आता ठीक आहे.

मॅडमनी काल सांगितलं की चाचणी नीट पार पडली तर महिनाअखेरीस माझं पत्र निघेल. पक्की नोकरी. मग मोठी खोली घेईन. तुम्ही तिघं या, चांगले आठवडाभर राहा. आईच्या मागे तू मला वाढवलंस, त्याचं काहीतरी चीज होऊ दे.

भिंगरीला पापा.

तुझा,
दिवट्या


१ मे

प्रिय दिवट्या,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर सांभाळून घे.

आमच्या भागात घरोघरी पोटाचं दुखणं आलंय. आधी म्हातारी माणसं पडली, मग पोरं. भिंगरीच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे आहेत. भिंगरीला सोमवारपासून उलट्या होत होत्या. मंगळवारी तिला उभं राहवेना. आता सलाइन चालू आहे. तिचा हात एवढासा, त्यात ती सुई, मला बघवत नाही. डॉक्टर म्हणतात वेळेत आणलं. बोलते थोडं थोडं. तुकडा मागून घेतला आणि मुठीत धरून झोपली आहे.

पाण्यातूनच आलं हे उघड झालंय. काल पिंप उघडलं. दिव्यांच्या नळ्यांवर क्षाराचा असा थर बसलाय की नखाने खरवडावा लागला. दोन दिवे तर विझल्यातच जमा होते. उजेड पाण्यात पोचतच नव्हता, कधीपासून देव जाणे. आणि डब्यावर आकडा ८२! मी नळ्या हातात धरून आकड्याकडे बघत उभी राहिले.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, भोंगा कुठे आहे? मी फडताळाकडे बोट दाखवलं. चौकशी समिती नेमली आहे.

दिवट्या, तुझी तार का बोलली नाही? तुला दोष देत नाही. तूही माणूस आहेस, एखादी तार बिघडू शकते. पण माझी पोर इथे आहे आणि मला कळायला हवं. तू तिथे पडद्यावर बघत होतास ना? तिथेही ८२च दिसत होतं का?

ताई


५ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. भिंगरीला जप. मला सुटी मिळत नाही, नाहीतर धावत आलो असतो. तिच्यासाठी रंगांची पेटी पाठवतोय.

त्याच पार्सलमध्ये नवी तार आहे. जुनी काढून ही बसव, सोपं आहे, मळसूत्री टोपण आहे. जुनी तार नीट गुंडाळून मला लगेच परत पाठव. इथे तपासायला हवी. कंपनीच्या पत्त्यावर नको, माझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे लवकर मिळेल. समिती येण्याआधी हे व्हायला हवं. तार खराब दिसली तर ते उगीच फाटे फोडत बसतील.

आणि एक. भोंगा काढायला मी सांगितलं हे तिथे बोलू नकोस. तुझ्या केंद्राशी माझं नातं आहे हे कळलं तर सगळी चाचणी रद्द होईल आणि माझ्यावर शेकेल. तुझी इतकी वर्षं नोकरी झालेली, तुला फार तर समज देऊन सोडतील. आवाजाचा त्रास व्हायचा म्हणून काढला असं म्हण. तसं ते खरंही आहे. काचेसारखंच समज, ताई. हे शेवटचं.

तुझा,
दिवट्या


११ मे

प्रिय दिवट्या,

भिंगरी घरी आली. वाळून काडी झाली आहे, पण कुरकुर सुरू झाली म्हणजे बरी होतेय. रंगांची पेटी उशाशी आहे.

नवी तार बसवली. जुनी मात्र लगेच पाठवता येत नाही, रागावू नकोस. आमच्याकडे रीत आहे. यंत्रातून काढलेला भाग, मग तो वायसर का असेना, चिठ्ठी बांधून शेजारच्या खिळ्याला लटकवायचा. पुढची तपासणी झाल्याशिवाय तो तिथून हलवायचा नाही. तुझी तार आता तिथे लटकते आहे. समितीचं आटोपलं की पाठवते.

एक गंमत सांगते. गंमत कसली, पण सांगते. नवी तार बसवायच्या आधी भिंगरीने हट्ट धरला की ती दुकानात नेऊन उजळून बघायची. चालवत नव्हतं तिला, कडेवर घेतलं. मी जुनीही पिशवीत घेतली होती, खिळ्याला लावायच्या आधी. दिव्याखाली तिचा तुकडा उजळला, नवी तार उजळली. जुनी काही केल्या उजळेना. भिंगरी म्हणाली, "आई, ही मामाची नाहीच." मी म्हटलं, असं नसतं गं, काम करून करून थकली असेल. पावडर अशी संपते का रे? दुकानदारही विचारत होता.

भोंग्याचं मी माझ्या अंगावर घेते. तू काळजी करू नकोस. पण यापुढे काचा फोडायचं वय राहिलेलं नाही, हे लक्षात ठेव.

तुझी ताई


१५ मे

ताई,

हो. पाण्याजवळ पावडर झिजते. कधी कधी पूर्ण जाते. नव्या शोधात असं होतंच.

तार कृपा करून आजच पाठव. रीत वगैरे नंतर बघ. दुकानदाराला काही सांगत बसू नकोस.

दिवट्या


२५ मे

दिवट्या,

समिती बसली. मी सांगितलं, भोंगा माझ्या मनाने काढला, आवाज सहन होत नव्हता. त्यांनी पिंपातून नवी तार काढून निळ्या दिव्याखाली धरली, ती झगझगीत उजळली. पिंप उघडलं तेव्हाही आकडा ८२ होता, हे माझं म्हणणं कुणी मानलं नाही. एक सदस्य म्हणाले, यंत्र चोख आहे, माणूसच बेपर्वा. मी मान खाली घालून उभी होते. तोंडाशी आलेलं बोलणं गिळलं, ते तुझ्यासाठी. मला निलंबित केलंय. शेवटची सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे. बडतर्फीचं बोलताहेत. बाजारात परवा भिंगरीच्या वर्गातल्या एका मुलाची आई समोरून आली आणि मला बघून रस्ता ओलांडून गेली. तिचा मुलगा अजून हॉस्पिटलमध्ये आहे.

आज कपाटाची किल्ली द्यायला केंद्रावर गेले, तर तुमचा बोलघेवडा फिटर डबा उतरवत होता. चाचणी संपली म्हणे. खिळ्यावरची तार बघून त्याने उजेडात धरली आणि हसला. "बाई, तुमच्या वाट्याला कोरी आली होती तर!" मी विचारलं, कोरी म्हणजे? त्याने सांगितलं. निम्म्या केंद्रांना पावडर भरलेल्या तारा आणि निम्म्यांना बिनपावडरच्या. कोणाला कुठली, ते बसवताना त्यालाही माहीत नव्हतं. कोऱ्या तारांचे डबे नुसते ठरलेला आकडा दाखवत राहतात, जरासा वरखाली करून. जुना भोंगा सगळीकडे चालू राहणार म्हणून कुणाला धोका नाही, असं ठरलं होतं. म्हणून तर तो मला बजावून गेला होता.

मी विचारलं, मग कुठे कोरी आहे हे कोणालाच कळत नव्हतं? तो म्हणाला, "एका पोराला कळत होतं. पडद्यासमोर बसतो ना तो. खरा उजेड त्याच्याकडे येतो. कोऱ्या तारेची रेघ सपाट दिसते. त्याला पहिल्याच आठवड्यात समजलं असणार." तो तुझं नाव घेऊन सांगत होता, आणि मी नाव ओळखीचं नसल्यासारखी ऐकत होते.

फिटर चांगला माणूस आहे. तार मी मागितली तेव्हा काही न विचारता त्याने परत दिली.

मला एकच सांग. हे खोटं आहे असं सांग. मी ऐकेन.

ताई


२९ मे

ताई,

खोटं नाही.

मी तुझी तार खरंच माझ्या हाताने भरली होती. पण मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या आणि ती दुसऱ्या केंद्राला गेली. मार्चमध्ये तुझी रेघ सपाट दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं. पण कुठल्या केंद्रात कोरी तार आहे हे तिथल्या माणसाला कळलं की चाचणी बाद होते. माणसं नुसत्या आकड्यावर किती विसंबतात तेच बघायचं होतं. आणि भोंगा काढायला मी सांगितलं हे मॅडमना कळलं असतं तर मी त्याच दिवशी बाहेर असतो. दिवे नवे होते, दोन महिने काही होणार नाही असं मी स्वतःला समजावलं. रोज वाटायचं, आज लिहावं. कारण काय देऊ, इथेच अडायचो. घाबरलो होतो, ताई.

नवी तार पाठवली तेव्हाही घाबरलेलोच होतो.

परवा माझं पक्क्या नोकरीचं पत्र निघालं. ती तार समितीपुढे गेली तर सगळं संपेल. मला कुठेच कुणी उभं करणार नाही. तुझ्या पाठीशी भावोजी आहेत, घर आहे. मला या कामाशिवाय काही येत नाही. तार फेकून दे. तुझं पुढचं सगळं मी बघेन, आयुष्यभर. तूच मला वाढवलंस, तूच बुडवणार का?

तुझा,
दिवट्या


१ जून

तुझं पत्र मिळालं. ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी ते घडी करून टेबलावर ठेवलं आणि भिंगरीला घेऊन फिरायला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तुझी थट्टा केली नाही.

मला आधी वाटलं की खूप राग येईल. राग आहेच. पण त्याहून जास्त काय होतंय ते सांगते. मी त्या नळाखाली पेला धरत होते आणि पोरीला म्हणत होते, पी गं, मामाची तार आहे. ते मी तुला पत्रात लिहिलं होतं. तू वाचलंस. वाचून तू लिहिलंस, घरूनच पाणी देत जा की. म्हणजे तुला भिंगरी आठवली. तिला वाचवायचं तुला सुचलं. पण भोंगा लाव एवढं तुझ्या लेखणीतून उतरलं नाही, कारण तसं लिहिलं असतं तर बाकीची पोरंही वाचली असती आणि कुणीतरी विचारलं असतं. आणि मी तुझं ते वाक्य मामाची माया म्हणून वाचलं आणि हसून सोडून दिलं.

तू लिहितोस, कारण काय देऊ इथे अडायचो. अरे, मी तुला कधी कारण विचारलं होतं? भोंगा काढ म्हणालास, काढला. तार बदल म्हणालास, बदलली. गप्प राहा म्हणालास, समितीपुढे बेपर्वा ठरले, तरी गप्प राहिले. मी स्वतःहून लिहिलं होतं, नुसतं लाव म्हण, मी लावते. त्या पत्राला तू उत्तर दिलंस ते मोठ्या खोलीचं. ते उत्तर मी शेजारणीला वाचून दाखवलं होतं, भाऊ बोलावतोय म्हणून.

काचेचं म्हणशील तर त्या काचेने कुणी सलाइनवर गेलं नव्हतं. आणि काच फोडलीस की तू पळत माझ्याकडे यायचास, धापा टाकत, सगळं खरं खरं सांगायला. म्हणून तर मी ती माझ्या नावावर घ्यायचे. या वेळी तू माझ्याकडे आलासच नाहीस. मला फिटरकडून कळलं.

तूच बुडवणार का, असं विचारलंस. तुला वाढवताना माझं कुठे काय चुकलं ते शोधत होते. मग भिंगरी आत आली, जिना चढून दमलेली, आणि मी शोधणं सोडून दिलं.

गुरुवारी मी समितीपुढे जाणार आहे. फ्यूज मी काढला, फिटरने बजावलं असताना काढला, ते माझ्या नावावर राहील. त्याची काय ती शिक्षा भोगेन. पण कुणाच्या शब्दावर काढला आणि तो माझा कोण लागतो, तेही सांगेन. मग ती कोरी तार टेबलावर ठेवेन आणि तिच्या शेजारी भिंगरीचा तुकडा. दुकानदार त्याचा दिवा घेऊन सोबत येतो म्हणालाय. भिंगरीने तुकडा दप्तरावरून सोडून दिला, पण बजावलंय की परत आणायचा. ती अजून त्याला मामाची तार म्हणते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

हे पत्र कुरिअरने पाठवतेय. बुधवारी सकाळी तुझ्या हातात पडेल. मॅडमकडे जाऊन आधी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं की बसून राहायचं, ते तू ठरव. तुझ्याकडे अख्खा दिवस आहे.

मी काय करणार आहे ते मी तुला आधी कळवलं. तुझ्याकडून मला एवढंच हवं होतं.

ताई